दुपारी आतून कडी

हॅलो?… हॅलो, ताई, हळू बोल. …अगं, मी हळू बोलतेय म्हणजे तू ओरडायलाच हवं असं नाही. …घरी. स्वयंपाकघरात उभी आहे. …नाही, सुट्टी कसली! आमच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, डोकं दुखतंय, आणि निघाले दवाखान्यातून. पेशंट बसलेत तोंड उघडून. बसू देत.

…बाबा बरे आहेत. म्हणजे, आहेत तसेच. …अगं ऐक ना. आई बाबांच्या खोलीत आहे आणि दाराला आतून कडी. …हो, कडी! भरदुपारी. नवरा अंथरुणाला खिळलेला, तो काय उठून पळणार आहे? मग कडी कोणासाठी?

…माळ घेऊन रोझरीची प्रार्थना करते म्हणे. मलाही हेच सांगते. "दुपारी मी रोझरी करते, मला हाका मारू नका." …करू दे ना! मी कुठे नको म्हणते? पण आपल्याकडे कडी लावून रोझरी कधी झाली? लहानपणी दार सताड उघडं असायचं. आपण कुठे चुकलो ते शेजारच्यांनाही पाठ.

…हं. …हं. …हो गं, शांतता लागते, वय झालंय, सगळं कळलं. मग मला एक सांग. खालच्या शिंपीणबाईंना आपल्या खिडकीतून पुरुषाचा आवाज का ऐकू येतो? …पुरुषाचा! काल पडदे आणायला गेले, तर टाचण्या ओठांत धरून मला विचारतात, "दुपारी कोण येतं गं तुमच्याकडे?" …मी काय सांगणार? हसले आणि पडदे घेऊन वर आले. चारही पडदे आखूड निघाले, ती गोष्ट वेगळी.

…बाबा कसे असतील? ताई, झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरलाय. 'तेच.' पाणी हवंय? तेच. कूस बदलू? तेच. परवा डॉक्टरांनी नाव विचारलं, तरी तेच. ज्या माणसाने जन्मभर लोकांना गाडी शिकवली, 'क्लच दाब, क्लच!' करून अख्खा रस्ता डोक्यावर घेतला… जाऊ दे.

…रेडिओ नाही. तो कधीचा बंद पडलाय.

आणि एवढंच नाही. दुपार झाली की आई सांभाळणाऱ्या बाईंना बाहेर पिटाळते. जा, भाजी आण. जा, जरा फिरून ये. त्या कशाला नाही म्हणतील? व्यायामवाल्या बाई दुपारी यायच्या, त्यांना सांगितलं, सकाळीच या. …कारण? कारण विचारलं की आई चष्मा पुसायला लागते. तुला माहितीये ना ती कधी चष्मा पुसते ते.

आणि बाबांच्या गोळ्या. आत्ता पाकीट माझ्या हातात आहे. सकाळच्या बरोबर संपल्यात, रात्रीच्याही. दुपारची एकही फोडलेली नाही. …एकही नाही!

…मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे. …हो, तेलवाला. …हसू नकोस, ताई! मावशीच्या वेळी काय झालं? डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कपाळाला तेल लावलं आणि म्हणाला, विश्वास असेल तर इंजेक्शन कशाला? साखर वाढत गेली आणि पाय गेला मावशीचा. तिला त्याच्याकडे घेऊन कोण गेलं होतं? आपलीच आई. …शिकली असेल? आई? पाण्यात पडली तरी म्हणेल, कपडे भिजायचेच होते.

…फादरांना विचारलं ना. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर गाठलं त्यांना. म्हणाले, "मी शुक्रवारी बाबांना कम्युनियन द्यायला येतो, तेही सकाळी. दुपारी आमच्यापैकी कोणी येत नाही." मग? वर मलाच सांगतात, "आई रोझरी करते ना, तूही बस तिच्याबरोबर." कुठे बसू? उंबऱ्यावर?

…मी? मी नाही करत हल्ली. बाबांना आत नेलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून इतकी केली, इतकी केली की बोटं दुखली. त्यानंतर माळ पर्सच्या तळाशी आहे, चाव्यांबरोबर. …रागावले नाहीये गं. रोज तेच तेच म्हणायचं, आणि पलीकडून हूं की चूं नाही. थकले.

…थांब. एक विचारू? खरं सांगशील? तेलवाल्याचा नंबर तू तर दिला नाहीस ना आईला? …उगाच नाही विचारत. मागे तूच म्हणालीस, सगळे उपाय करून बघू. …मग शपथ घे. …शाळेत आहेस म्हणून शपथ घेता येत नाही? हे बरंय! …बरं, बरं. ठेवला विश्वास. अर्धा.

शू… आवाज येतोय. …आईचा. पुटपुटतेय. दाराशी जाते मी. बोलू नकोस.

…

ताई, आत पुरुष आहे. …देवाशपथ. आई थांबली की तो बोलतो. पुन्हा आई, पुन्हा तो. घोगरा आवाज… शब्द नाही कळत, भराभर बोलतोय. …काय करू म्हणजे? दार ठोठावते! …मग काय, पोलीस बोलावू? …नाही, तू ठेवू नकोस. घंटा झाली? होऊ दे. पोरं दोन मिनिटं एकमेकांच्या झिंज्या ओढतील, आणखी काय! तू राहा फोनवर.

आई! आई, दार उघड! …मी आहे. …हो, लवकर आले. आत कोण आहे? …मी ऐकलंय, आई. कोण आहे? …उघडतेस की बोलावू खालच्यांना?

…उघडतेय.

…

…आहे, ताई, आहे मी. …कोणी नाहीये. …अगं, कोणीच नाही. खिडकीला जाळी आहे, जाणार कुठून? …खाटेखालीही पाहिलं. भांडं आहे आणि सपाता. आई आहे, हातात माळ. बाबांना उशा लावून बसवलंय. माझ्याकडे बघतायत, चोरी पकडल्यासारखे.

आई, मग बोलत कोण होतं? …काय? …पुन्हा सांग.

…थांब गं ताई! मलाच कळलं नाही तर तुला काय सांगू? आई म्हणते… बाबा बोलत होते. …हो ना, मीही म्हटलं, कसे बोलतील? ती म्हणते, बस आणि ऐक. …बसलेय. खाटेच्या कडेला.

…

ताई… आई अर्धं म्हणते. 'नमो मरिये' पासून. मग गप्प राहते. आणि बाबा… बाबा पुढचं म्हणतात! 'पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी…' सगळं! कुठे अडखळत नाहीत. जेवण गार होतंय अशा घाईने म्हणायचे ना, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' एका दमात, आणि आपण उशीत तोंड खुपसून हसायचो… तस्संच. 'आमेन' तर गिळूनच टाकतात. बाबा आहेत गं. बाबांचाच आवाज आहे.

…नाही, रडत नाहीये. …रडतेय तर रडतेय.

…विचारते. …म्हणते, ती एकटीच दोन्ही बाजू म्हणायची. एके दुपारी तिला पेंग आली, अर्ध्यावरच थांबली. आणि खाटेवरून उत्तर आलं. तिला वाटलं, स्वप्न.

…तेही विचारलं. आम्हाला का नाही सांगितलंस? तर म्हणते, त्याच दिवशी तिने बाबांना म्हटलं, आता 'पाणी' म्हणा. माझं नाव घ्या. म्हणा ना! बाबांची मान लालबुंद झाली, शिरा ताठल्या, आणि निघालं काय, तर 'तेच'. पेला फेकला त्यांनी. मग संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड. प्रार्थनेबाहेरचा एक शब्द येत नाही त्यांना. म्हणते, आपल्या दोघींना सांगितलं असतं तर तू त्यांची परीक्षा घेतली असतीस, आणि मी मोबाईलवर व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला असता. …पाठवला असता, ताई. खरं सांगते, पाठवलाच असता. कडी बाबांनीच लावायला लावली, हाताने खूण करून.

…गोळी? ती घेतली की झोपतात, म्हणून देत नव्हती. …नाही, ते चुकलंच तिचं. सोडलं नाही मी. उद्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेऊ, पण मनाने बंद करायची नाही. …हो म्हणाली. तोंड वाकडं करून.

पण ताई, एका रोझरीवर थांबत नाही गं ती. संपली की पुन्हा पहिल्यापासून. आनंदाची रहस्ये, दुःखाची, गौरवाची… ज्या त्या वाराची ठरलेली असतात, पण हिला वार कुठला का असेना. घसा पार बसलाय. मी म्हटलं, आई, एवढं काय मागतेस? तर म्हणते, मागणं कधीच संपलं. मी थांबले की यांचा आवाज जातो.

…

…ताई? …आहेस. नाक ओढलेलं ऐकू आलं.

…बाबांशी? …नको. 'कसे आहात' विचारशील, आणि ते बिचारे… कळतंय गं मला, तूही त्यांचा आवाज किती महिने ऐकला नाहीस. …एक कर. तू म्हण. पहिलं अर्धं. …येतं तुला. सुरू केलंस की येईल. …मुलं ऐकतील तर ऐकू देत, व्हरांड्यात जाऊन उभी राहा. मी फोन त्यांच्या कानाजवळ धरते, स्पीकरवर.

बाबा, ताई आहे. …नाही, नाही, तुम्ही काही सांगायचं नाही तिला. ती म्हणेल, तुम्ही फक्त उत्तर द्या. …मान हलवली. आई, तू पाणी पी जरा.

म्हण, ताई. …मोठ्याने. …हं, 'प्रभू तुझ्याबरोबर आहे'. …पुढे. …हं. …हं.

…

ऐकलंस? …ऐकलंस ना? …अगं, नंतर रड. पुढची म्हण आधी. थांबलेत ते तुझ्यासाठी. …म्हण, ताई. मी आता मध्ये बोलत नाही.