खिम्याची भारक्षमता

परवाना-कचेरीच्या बाकावर आपल्या पाळीची प्रतीक्षा करणारे शास्त्रीबुवा, खिडकीशी चाललेला खाटीक व कारकूनबाई यांचा संवाद एकाग्रचित्ताने श्रवण करीत होते.

"बाई, माझ्या खिम्याचा हलालचा दाखला आज संपतोय. उद्या दुकानाला सील लागेल हो!"

"मग अर्ज पूर्ण भरा. नव्या नियमानं हलाल माल आणि पुलांचे ठेके, दोन्हींना एकच अर्ज आहे."

"पण यात भारक्षमता विचारलीय!"

"रकाना रिकामा चालत नाही."

रांगेत मागे उभा असलेला पुलाचा ठेकेदार खो-खो हसला. "मामा, मला 'कापणाऱ्याचं नाव' विचारलंय. मी मंत्र्यांचं टाकलं. फीत तेच कापणार!"

"बाई, माझा खिमा सहा माणसांचं घर पेलतो. तसं लिहू?"

"टनांत लिहा."