पाड्यावरची लाल खुर्ची

गरिबी मोजायला एक बाई बदलापूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या पाड्यावर आल्या होत्या. घरात वस्तू जास्त दिसल्या की घरकुलाच्या यादीतून नाव जायचं. मी त्यांना घरं दाखवत होतो. चौथ्या घरी बाई बसता बसता थांबल्या.

“काका, प्रत्येक घरात लाल खुर्ची, आणि प्रत्येकीचा हात मोडलेला?”

मी म्हटलं, “खुर्ची एकच, अंगणवाडीची. तुम्ही उठलात की पोरी ती पुढच्या घरी नेतात. पाहुणीला भुईवर कसं बसवायचं?”

“अहो, मी तिन्ही घरांच्या नावावर लिहिली! यादीतून गेली असती ना सगळी!”

बाईंनी घाईघाईनं तिन्ही खुर्च्या खोडल्या. घरची आजी म्हणाली, “तीन कशाला लिहिल्यास, बाय? तू तर एकटीच आलीस.”