मयत पल्लवी माझी काय लागते याबाबत

नाव: निता रूपला आडे. वय: ३३ वर्षे. धंदा: शेतमजुरी व ऊसतोड. शिक्षण: सातवी. राहणार: कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम. मूळ गाव धनजजवळचा तांडा.

मी समक्ष ठाण्यात बसून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी भाड्याच्या खोलीत राहते. माझ्यासोबत मयत पल्लवी ग्यानबा सरकटे, वय ३० वर्षे, मूळ राहणार आसेगाव, ता. मंगरुळपीर, ही राहत होती. मी 'राहते' असे सांगितले होते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी ते 'राहत होती' असे केले. वारलेल्या माणसाबद्दल तसेच लिहावे लागते असे त्या म्हणाल्या, ते मला मान्य आहे.

पल्लवीची व माझी ओळख ऊसतोडीत झाली. माझे पूर्वी लग्न झाले होते, ते टिकले नाही, त्याबद्दल मला काही सांगायचे नाही. घरचे स्थळे पाहायला लागल्यावर पल्लवी घरातून निघून आली होती. ऊसतोडीत मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची, असे ते काम आहे. एकटे माणूस आले तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी विचारत नाही. आमचे मुकादम लालसिंग यांच्याकडे त्या साली आम्ही दोघी अर्ध्या उरलो. ते म्हणाले, "तुमी दोघी मिळून एक कोयता. भांडसान तं दोघीले घरी पाठवीन." आम्ही भांडलो नाही असे नाही, पण घरी कोणी पाठवले नाही.

त्याच हंगामात संक्रांतीच्या सुमारास आमचे जे ठरायचे ते ठरले. नेमके काय ठरले असे ठाणेदार साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर मी दिले आहे, ते इथे लिहिलेले नाही.

तो धरून तीन हंगाम आम्ही सोबत ऊस तोडला. फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचो. सकाळी मुकादम हाक मारायचे, "निता-पल्लवीचा कोयता निघाला का?" टोळीतल्या बायामाणसांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. सगळे कोयते, त्यात आमचाही एक. तेवढ्या एका जागी आम्हाला कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

हंगाम संपला की कामरगावला यायचे आणि थापा मारायला लागायचे. घरमालकाला मानलेली बहीण सांगितले होते. बँकेत मावसबहीण. कपाशी वेचायला जायचो तिथल्या बायांना नणंद-भावजय, हे पल्लवीचे डोके. कोणाला काय सांगितले हे तिलाच लक्षात राहायचे. मी हमखास गडबडायची आणि ती ओढणीत तोंड खुपसून हसायची.

पल्लवी बारावी झालेली होती. आमच्यासारख्यांच्या देशोदेशीच्या बातम्या ती मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवायची. हा गुन्हा नाही असे दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने २०१८ साली सांगितले, तेव्हा आमची ओळखही नव्हती. लग्नाचा हक्क मात्र आम्हाला देता येत नाही असे त्याच कोर्टाने २०२३ साली सांगितले, तेव्हा आम्ही फडावर जायचे सामान बांधत होतो. तिने ती बातमी दोनदा वाचली आणि मग तवा-पातेली पोत्यात भरली. या साली जानेवारीत थायलंड देशात दोन बायांना एकमेकींशी लग्न करायची मोकळीक झाली. मी तिला म्हटले, "तिकडं ऊस हाय का?" तिने मोबाईलवर पाहिले आणि म्हणाली, "लय हाय." मी म्हटले, "मंग तिकडच्या मुकादमाले फोन लाव." यावर आम्ही किती हसलो ते जबाबात लिहिण्यासारखे नाही असे साहेब म्हणाले. तरी लिहा.

पल्लवीच्या घरच्यांनी आसेगावात 'पोरगी पुण्याला कंपनीत आहे' असे सांगून ठेवले आहे. तिचा भाऊ सतीश नोकरदार आहे, त्याने तिच्याशी बोलणे टाकले होते. आई विमलबाई मात्र सतीश ड्युटीवर गेला की फोन करायच्या. "जेवली का?" एवढे विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या.

मागच्या आठवड्यात पल्लवीला ताप आला. कामरगावात गोळ्या घेतल्या, ताप हटला नाही. अंगावर लाल ठिपके उठले म्हणून मी तिला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात आणले. तिच्या पायाला पट्टी होती. न्हाणीचा पत्रा घासून पोटरी खरचटली होती, त्याला आठ दिवस होऊन गेले होते. चिठ्ठी काढायच्या खिडकीवर गर्दी होती, मागचे लोक ढकलत होते. आतल्या बाबूने मान वर न करता विचारले, "काय लागते?" पेशंट माझी काय लागते असे तो विचारतो आहे, असे मी धरले. तो 'लागले' म्हणाला की 'लागते', पायाबद्दल विचारत होता की नात्याबद्दल, हे मला आताही सांगता येत नाही.

'बहीण' हा शब्द तोंडाशी आलेला होता. पल्लवी माझ्या खांद्यावर डोके टाकून उभी होती, तिचे कपाळ तव्यासारखे तापले होते, आणि मला एकाएकी खोटे बोलायचा वीट आला. मी म्हटले, "कोयता." बाबूने पट्टीकडे पाहिले आणि लिहिले. तो बाहेरगावचा असावा. काय लिहिले ते मला खिडकीतून दिसले नाही. पल्लवीने ऐकले होते. ती म्हणाली, "बरं केलं."

रक्त तपासल्यावर डेंग्यू निघाला. सलाईन लावले, रक्ताच्या पिशव्या सांगितल्या, त्या मी आणल्या. दुसऱ्या दिवशी तिने कढी मागितली. आंबट देऊ नका असे नर्सबाई म्हणाल्या म्हणून मी दिली नाही. त्यानंतर तिने काही मागितले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वारली. मी तेव्हा तिचा हात धरून होते. हात धरून होते हे कशासाठी लिहायचे असे साहेबांनी विचारले. ते खरे आहे म्हणून लिहायचे.

मी तिथे रडत बसले नाही. रडायला जन्म पडला आहे असे मनाशी म्हणून मी कामरगावची जीप बोलावली. तिला कामरगावला न्यायचे आणि तिथल्या बायांच्या हाताने तिला शेवटची आंघोळ घालायची, एवढे एकच काम माझ्यापुढे होते. डॉक्टरांनी सहीसाठी कागद हातात घेतले आणि थांबले. कागदावर 'कोयता लागला' असे लिहिले होते. डॉक्टर म्हणाले, ही पोलीस केस आहे, प्रेत असे देता येत नाही, चिरफाड होईल आणि रक्ताच्या नातेवाईकांना कळवावे लागेल. मी सांगितले की हा तसा कोयता नव्हे. त्यांनी विचारले, मग कसा? मी मुकादमापासून सांगायला लागले. जीपवाला वाट पाहून निघून गेला.

पोलिसांनी आधार कार्डावरून आसेगावचा पत्ता काढला आणि सतीशला कळवले. मी 'बहीण' म्हटले असते तर कोणी काही विचारले नसते. इतकी वर्षे खोटे बोलले, सगळीकडे निभावले. एकदा खरे सांगितले आणि पल्लवी माझ्या हातातून गेली. हे मी बाईंना दोनदा सांगितले, त्यांनी एकदाच लिहिले आहे.

काल सतीश व विमलबाई आले. सतीशने सर्वांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हटले, "माह्या बहिणीले हिनंच मारलं. कोयत्यानं मारलं. कागदावर लेहेल हाय." मी त्याला म्हटले, "तीन साल तुले तुही बहीण आठवली नाही, आज काहून आठवली?" शिपायाने मला बाजूला केले. विमलबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सतीश आत गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटी काय खाल्लं वं तिनं?" मी खोटे सांगितले. कढी-भात खाल्ला असे सांगितले. त्यांनी माझा हात दाबला आणि सतीश येताना दिसला तसा सोडला.

माझ्या सांगण्यावरून साहेबांनी आज मुकादम लालसिंग यांना ठाण्यात बोलावले. मला वाटले, आता हा माणूस खरे काय ते सांगेल. लालसिंग यांनी सांगितले, "सायेब, ऊसतोडीत कोयता म्हंजे हत्यार नोहे. कोयता म्हंजे जोडी. नवरा-बायकोची." साहेबांनी विचारले, मग या दोघींत नवरा कोण? ठाण्यातले लोक हसले. लालसिंग यांनीही थोडे हसल्यासारखे केले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तं कामापुरतं धरलं होतं, सायेब. बाकीचं मले काई मालूम नाही." त्यांना मालूम होते. गेल्या साली पल्लवीच्या वाढदिवसाला आमच्या कोपीसमोर त्यांनीच गुलाबजाम वाटले होते. चिरफाडीतही ताप हेच कारण निघाले आणि पायाचे खरचटणे जुने ठरले, त्यामुळे कोयत्याने मारल्याचा संशय साहेबांच्या मनातून गेला. तो गेला तसा कोयता हा शब्दही गेला. आता आमच्यासाठी दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

मी साहेबांना माझ्या मोबाईलवरची बातमी दाखवली. पल्लवीने ती मागच्या साली मला पाठवली होती. केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहिले आहे की, आमच्यासारख्या जोडीतले एक माणूस वारले तर दुसऱ्याला प्रेत ताब्यात घेता यावे. साहेबांनी ती नीट वाचली, त्यांनी टाळाटाळ केली नाही. पुढची ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. मग खिडकीतून बाहेर बोट करून म्हणाले, "उपलब्ध आहेत ना, बाई." बाहेर पल्लवीला ठेवलेल्या गाडीजवळ सतीश गाडीवाल्याशी बोलत उभा होता. जिवंतपणी जे कधी उपलब्ध नव्हते ते प्रेतासाठी उपलब्ध झाले, यात कायद्याचा काही दोष नाही असे साहेब म्हणाले. मी कायद्याचे नाव घेतलेच नव्हते.

मी सांगितले की मला प्रेत नको, नेऊ द्या त्यांना, पण चिरफाडीला नेल्यापासून मी तिचे तोंड पाहिलेले नाही, तेवढे पाहू द्या. साहेबांनी सतीशला आत बोलावले. तो म्हणाला, "हिनं लेहून द्यावं का पल्लवी हिची कोणी लागत नाही, आन् आसेगावात पाय ठेवणार नाही. गावात आमी काय सांगू? मंग तोंड पाहू देतो, माही बी काई तक्रार राहणार नाही." तो हे बोलताना रडत होता, हेही मी सांगते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, विचार करून काय ते सांग, असे साहेब म्हणाले. मी विचार केला नाही.

तरी मी स्वखुशीने सांगते की, मयत पल्लवी ग्यानबा सरकटे ही माझी कोणीही लागत नाही. एका टोळीत कामाला असल्याने आमची ओळख होती. तिच्या प्रेतावर अगर वस्तूंवर माझा हक्क नाही. मी आसेगावला जाणार नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

एवढे लिहून झाल्यावर मी उठले आणि बाईंना म्हटले, चला. त्या म्हणाल्या, बस, मी बघून येते. त्या बाहेर गेल्या आणि परत येऊन दारातच उभ्या राहिल्या. पल्लवीला घेऊन गाडी निघून गेली होती. उजेडातच आसेगावला पोचायचे आहे, बाईचा जबाब फार लांबला, असे सतीश शिपायाला सांगून गेला होता. विमलबाई गाडीतून उतरायला पाहत होत्या, त्याने दार लावले, असे शिपाई म्हणाला.

जबाब लांबला हे खरे आहे. तो मीच लांबवला. थायलंडचे सांगत बसले, बँकेतल्या मावसबहिणीचे सांगत बसले. पल्लवीबद्दल इतका वेळ कोणी मला कधी विचारले नव्हते.

'कोणीही लागत नाही' ही ओळ खोडू का, असे बाईंनी विचारले. ओळ खोडली तर सतीशची तक्रार पुन्हा उभी राहील आणि खोली, टोळी, सगळीकडे चौकशी जाईल, असे साहेब म्हणाले. मी म्हटले, राहू द्या.

बाईंनी सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जसा सांगितला तसा तो उतरला आहे. शेवटी 'खरा आहे' असे लिहायची पद्धत आहे, असे त्या म्हणाल्या आणि पेन धरून थांबल्या. मी म्हटले, पद्धत आहे तर लिहा.

जबाब खरा आहे.

सही: निता रूपला आडे