मेपलच्या जमिनीवरचे तीन बुधवार

— नाही, डबे गाडीतच राहू देत, हाकोलाकाका, आणि ते मशीनही. आधी आत या. बूट काढू नका, आता बुटांचं काही राहिलं नाही — बसा, कॉफी तयार आहे, हा वेलचीचा पाव घ्या. कालचा आहे, पण अख्खे दोन उरलेत, आणि का उरलेत तेच सांगायचंय. मला वाटलं होतं रडतील. हसू नका, खरंच वाटलं होतं — की दार उघडेल, सगळी म्हातारी माणसं उंबऱ्यातच थबकतील, खिडक्यांतून ऊन या फळ्यांवर सांडलेलं असेल, आणि लेम्पीआजी तोंडावर हात धरून म्हणेल, अगं बाई, हीच ती, हिच्यावरच आम्ही नाचलो. आणि झालं काय? लेम्पीआजी आली, खाली बघितलं, विचारलं, 'घसरतं का गं?' — आणि भिंतीला धरून धरून आपल्या खुर्चीपर्यंत गेली. बाकीचे तिच्या मागोमाग, ओळीने, भिंतीला धरून. मधे जणू तळंच होतं.

वॉर्निशचा तिसरा हात आज द्यायचा ठरलाय, माहीत आहे मला. मीच तारीख घेतली तुमची, मीच चार वेळा फोन केला की नाचाच्या आधी झालंच पाहिजे. पण ऐका तर. तुम्ही फेब्रुवारीतल्या सभेला नव्हतात — बर्फ होतं, तुमची गाडी अडकली होती — नाहीतर तुम्ही काहीतरी बोलला असतात. म्हणजे, बोलला नसतात, तुम्हीही आपल्यातलेच. मी तेव्हा तुर्कूहून नुकतीच आले होते. सहा वर्षं जुन्या लाकडी इमारती कशा राखायच्या ते शिकून. आमच्या आईबापांच्या आजे-पणज्यांनी जो देश सोडला तिथे जाऊन, मी त्यांच्याहून जास्त फिनिश होऊन परत आले होते. पहिल्याच आठवड्यात आर्विदला सांगितलं मी, की तुम्ही जे फिनिश बोलता ते तिकडे आता कुणी बोलत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला. तो म्हणाला, 'बरं झालं, मग मी इकडेच बोलतो.' — तर सभेत मी पडद्यावर चित्रं दाखवली. या हॉलचा जुना फोटो, नाचणारी जोडपी, कोपऱ्यात अकॉर्डियन घेऊन बसलेला तरुण माणूस, तो म्हणजे माझा रेनोमामा, आईचा थोरला भाऊ. मग आत्ताचा फोटो — ते मोहरीच्या रंगाचं कार्पेट, कॉफीचे डाग, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी म्हणाले की आपण आपल्याच वारशावर पांघरूण घालून बसलोय. वारसा, म्हणाले मी. दोनदा. आणि विचारलं, कुणाची काही हरकत? कुणीही काही बोललं नाही. अठ्ठावीस माणसं, एक शब्द नाही. मामा बुटाच्या टोकाने कार्पेट उगाच दाबत बसला होता. मी लिहून घेतलं — एकमताने मंजूर. बघा म्हणजे. या गावात जन्मलेली मुलगी मी. आपल्याकडे माणसं गप्प बसली की त्याचा अर्थ काय असतो, हे मी सहा वर्षांत विसरून आले.

काढलं मग मे महिन्यात. तुम्ही मदतीला येण्याआधीचे चार दिवस मी एकटीच होते, गुडघ्यांवर, पक्कड घेऊन. कडेच्या पट्ट्यांचे खिळे, खालचा फोम तर सुकून फळ्यांना असा चिकटलेला की खरवडून खरवडून नखं गेली. पण खाली मेपल, काका — तुम्हीच म्हणालात ना की असं लाकूड आता मिळत नाही? एक फळी फुगलेली नाही, एक किडलेली नाही. तुमचं घासायचं मशीन फिरलं आणि तो पिवळेपणा उडून खालून जो रंग वर आला, मी बाहेर जाऊन पायरीवर बसले थोडा वेळ. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आणि जुनं कार्पेट मी त्याच दिवशी ट्रेलरमध्ये घालून कचऱ्याच्या डेपोत टाकून आले. जागा हवी होती ना. — नाही, जागा होती. मागची खोली अख्खी रिकामी होती. टाकून आले, कारण कुणी म्हणायला नको, की परत घाला.

पहिला हात, दुसरा हात, मग तुम्ही म्हणालात थोडे दिवस वाळू द्या, वापरून बघा. म्हणून पहिला बुधवार, म्हाताऱ्यांच्या नेहमीच्या जेवणाचा. सगळे आले, एकोणीसच्या एकोणीस. मी सूप वाढलं. आणि सुरू झालं — लोखंडी खुर्ची सरकवली की कर्रर्र, चमचा पडला की हातोडा पडल्यासारखा, एक जण खोकला तर चार भिंती खोकल्या. मला आवडत होतं ते, खरं सांगते, मला वाटत होतं हॉल जागा झाला. मग बघितलं, आर्विदने कानातलं मशीन काढून बशीत ठेवलंय. मग दुसऱ्याने. खाणीत तीस-तीस वर्षं ड्रिल मारलेली माणसं ही, निम्म्यांचे कान खाणीनेच नेले, आणि उरलेलं जे काही ते या मशिनांवर. आणि मशिनाला सगळं सारखंच — बोलणं काय, खुर्ची काय, सगळं एकदम कानात ओततं. पंधरा मिनिटांत जेवले सगळे. पंधरा. एरवी दोन तास हलत नाहीत, पत्ते पिसतात, एकमेकांच्या मृत बायकांची उणीदुणी काढतात. त्या दिवशी माना खाली घालून सूप संपवलं, 'छान झालंय हं' म्हणाले, आणि गेले.

मी काय, हार मानते होय? तुर्कूत शिकलेय मी. दुसऱ्या बुधवारच्या आधी जाड पडदे लावले, आणि खुर्चीच्या प्रत्येक पायाला टेनिसचा चेंडू कापून बसवला. पन्नास खुर्च्या, दोनशे चेंडू, शाळेतून मागून आणले. माझी बोटं बघा. हॉल असा दिसायला लागला, जणू खुर्च्यांना पिवळे बूट घातलेत, लेम्पीआजी हसली त्याला, तेवढं एक. खुर्च्या गप्प झाल्या, पण बोलणं तसंच भिंतींना आपटून परत. अकरा आले. त्या दिवशी मी मामाला अकॉर्डियन आणायला लावलं होतं. म्हटलं जमिनीला तिचं गाणं मिळू दे, मग बघा. त्याने सुरू केली एक पोल्का. तीच, फोटोतल्या काळातली. अर्ध्यावर थांबला. हात तसेच ठेवून बसला, मग पट्टा लावला आणि पेटीत ठेवून दिलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, 'माझा सूर कुठला आणि भिंतीचा कुठला, कळेना.' एवढंच. मी त्यावर काय म्हणाले माहितेय? म्हणाले, सवय होईल.

आणि काल तिसरा बुधवार. एकोणीसातले चार. मामा नाही. मामा नाही म्हणजे काय, तुम्हाला माहीत नसेल — तो एकटा राहतो, लग्न केलं नाही, आठवड्यात जे काही बोलतो ते बुधवारी, आर्विद आणि लेम्पीआजीच्या टेबलाशी. बाकीचे सहा दिवस रेडिओ. आणि मी येऊन चार महिने झाले, रोज त्याच्याकडे जाते, रोज बोलते — मी बोलते. तो मान हलवतो. परवापर्यंत मला वाटत होतं आमचं खूप बोलणं होतं.

गेले दुपारी त्याच्याकडे. मागच्या अंगणात सॉना तापवायला लाकडं फोडत होता. मी रागावूनच गेले होते. मीच. म्हटलं, निदान तू तरी यायचंस, तुझ्यासाठीच केलं मी हे सगळं. तू वाजवायचास त्या जमिनीवर. त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, कानातलं मशीन नीट बसवलं — त्याला नीट ऐकू यावं म्हणून नाही, मी नीट ऐकावं म्हणून, असं वाटलं मला — आणि म्हणाला, 'ती जमीन मी तीस वर्षं बघितली, पोरी. खूप सुंदर आहे. आता मला आर्विदच्या थापा ऐकायच्यात. त्याच्याकडे फार उरल्या नाहीत आणि माझ्याकडेही फार बुधवार नाहीत.'

मी विचारलं, मग सभेत का नाही बोललास.

म्हणाला, 'तू इतक्या लांबून आली होतीस.'

— नाही, रडत नाहीये, कॉफी गरम आहे. तेव्हा कुठे कळलं, ते कार्पेट कुणी आळसाने नाही घातलेलं. तुमच्याच वडिलांनी घातलं ना ते, खाण बंद पडली त्याच्या आधी कधीतरी? काल परत येताना लेम्पीआजीने सांगितलं. म्हणाली, तेव्हा हॉलमध्ये नाच संपले होते, पण माणसं संपली नव्हती, आणि त्यांना एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून वर्गणी काढून घातलं. सगळ्यांनी मिळून. आणि मी त्यांना पडद्यावर दाखवलं — पांघरूण म्हणून.

रात्री फार विचार केला म्हणत नाही, मस्त झोपले मी, थकले होते. सकाळी हॉलमध्ये आले, ऊन आलेलं, जमीन — तुम्ही बघताच आहात कशी दिसते ती. आधी वाटलं अर्धं करू. टेबलांच्या बाजूला कार्पेट, अर्धी मोकळी. मग चालून बघितलं — मधे कड येते, लेम्पीआजीचा पाय तिथे अडणार, आणि अर्ध्या कार्पेटने अर्धंच ऐकू येणार. अर्धं ऐकू येण्यासारखं वाईट काही नाही. मला विचारा, मी चार महिने अर्धंच ऐकतेय.

म्हणून ठरवलं. वॉर्निश नको, काका. तुम्ही मोजपट्टी आणा गाडीतून. परवा शनिवारी मध्य-उन्हाळ्याचा नाच आहे तो होऊ दे, ज्या पाहुण्यांना मी उत्साहाने बोलावलंय त्यांना मीच सांगेन की या जमिनीवरचा हा शेवटचा, आणि सोमवारी तुम्ही येऊन कार्पेट घाला — भिंतीपासून भिंतीपर्यंत, सगळं, बुधवारच्या आत. गोंद लावायचा नाही, एक थेंबही नाही, कडेच्या पट्ट्यांवर ताणून बसवा, तेवढं तरी माझ्या शाळेचं ऐका. आणि जाड हवं, तुमच्याकडे असेल त्यात सगळ्यात जाड, खाली फोमही जाड. नाही, नमुने नका काढू. मी कलर स्कीमवर प्रबंध लिहिलाय, काका, दोनशे पानांचा, आणि तरी सांगते — रंग कुठलाही चालेल.

चला, तुम्ही मोजायला घ्या. मी मामाकडे निघाले, हा पाव घेऊन. फोन करून उपयोग नाही, त्याला फोनवर ऐकू येत नाही. जाताना दार ओढून घ्या.