माईक नणंदेच्या मापाचा

...आणि वर मलाच विचारतात, गाणाऱ्या बाईला मशीनमधलं कशाला कळायला हवं? अहो, तुम्हीच सांगितलंत ना! तुम्हाला सांगते, बारा वर्षं मी गाणं शिकले आणि बारा वर्षं माझं गाणं कुणाच्या हातात, तर मागच्या टेबलावरच्या साउंडवाल्याच्या. मी म्हणायचे, "दादा, माझा आवाज मलाच ऐकू येत नाहीये," की तो म्हणणार, "पब्लिकला येतोय ना मॅडम," आणि परत मोबाइलमध्ये डोकं. मग गुरूबाई म्हणाल्या, साउंडचं तूच शिकून घे. नवरा म्हणाला, शिकून घे. शिकून घे म्हणाले, शिकले! सहा महिने, दर शनिवार-रविवार, वर्गात बाकी सगळे माझ्या भाच्याच्या वयाचे... कुठलं बटण पिळलं की आवाज नाकातून येतो इथपर्यंत कळलं. घरात कुकरची शिट्टी किती हर्ट्‌झची तेही सांगायला लागले. नवरा ताट घेऊन गॅलरीत जेवायला लागला.

आणि आला की हो माझा कार्यक्रम. पहिला, एकटीचा. दोन तास फक्त मी, हॉलच्या दारावर माझाच फोटो. सहाचा कार्यक्रम, चारला मी साउंडवाल्याला म्हटलं, "दादा, अडीचशे हर्ट्‌झला जरा कमी करा, घुमतंय." बस, एवढंच. त्यानं हेडफोन काढून माझ्यापुढे ठेवले. "मॅडमना येतंय की सगळं. मी चहा घेऊन येतो." गेला तो गेला. मग काय, स्टेजवर एक ओळ गायची, पायऱ्या उतरून टेबलापर्यंत धावायचं, बटण पिळायचं... पण ऐकायचं काय? गाणारी तर खाली धापा टाकतेय. शिकून घे म्हणाले, शिकले!

शेवटी थोरल्या नणंदेला वर उभं केलं. त्या आल्या होत्या माझी पर्स सांभाळायला. "वन्सं, जरा गात राहा हो काहीतरी." "अगं, मला कुठं येतं?" म्हणाल्या, पण बारा वर्षं भिंतीपलीकडून माझा रियाज ऐकून गाणी सगळी पाठ. आवाज मात्र असा बारीक, की फोन उचलला तर लोक म्हणतात, बाळा, आईला दे. म्हटलं, थांबा. खालचा भाग भरला, वरची किरकिर कापली, थोडी गुंज दिली... तुम्हाला सांगते, दीड तास मी पिळत होते आणि त्या गात होत्या, आणि आवाज असा काही लागला की मलाच गहिवरून आलं.

सहाला पडदा उघडला, मी तोंड उघडलं... आणि हॉल हादरला. माझा आवाज मुळात भारदस्त आणि माईक नणंदेच्या मापाचा. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. साउंडवाला अजून चहाच पितोय. मी विंगेकडे वळून म्हटलं, "वन्सं, दोन मिनिटं सांभाळा," आणि धावले टेबलाकडे.

त्यांनी पहिली ओळ घेतली आणि टाळ्या. माझी ओळ, माझं गाणं, टाळ्या त्यांना. मी बटणाला हात घालते तोच आयोजक कानाशी आले, "ताई, आता काही हलवू नका हं. फार छान चाललंय." शिकून घे म्हणाले, शिकले!

आता सगळे विचारतात, अहो, मग उठून वर का नाही गेलात? जाणारच होते. कुणी धरून ठेवलं नव्हतं मला. पण चौथ्या गाण्यात वन्संचा श्वास माईकमध्ये जरा जास्त येत होता, म्हटलं एवढा कमी करते आणि जाते... वर बघते तर पडदा पडत होता.