मूळ कागद कुणाकडे?

नाही, मला एक सांगा, घर घ्यायचं तर माणसाने वकिलाकडे जावं की नाही? जावं! सगळे तेच सांगतात. ‘अरे, वकील गाठ, डोळे झाकून सही करू नकोस!’ गाठला वकील. डोळे टक्क उघडे ठेवले. आणि त्या उघड्या डोळ्यांनी हातातलं घर गेलेलं बघितलं! हसा, हसा... तुमचं काय जातंय!

तुम्हाला सांगतो, आमची सध्याची जागा म्हणजे दीड खोली. म्हणायला दोन. पोरगी इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करते, कपडे आले की भूगोल बंद. त्यात घरमालक येऊन दारातच उभा, ‘काय आहे, आमच्या मुलाचं लग्न ठरलंय, तेवढं महिनाअखेर खोलीचं बघा.’ बघा म्हणजे काय बघा? सोडा! आणि अशात हे घर सापडलं हो. खाली दोन खोल्या, वर दोन, आतून जिना, आणि वरच्या खोलीला ही एवढी खिडकी! बायको त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, उभीच राहिली, आणि मग पर्समधून टेप काढून पडद्याची मापं घ्यायला लागली. बावीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्याकडे मागितलं काय, तर एक खिडकी. मी म्हटलं, आता काही झालं तरी हे घर घ्यायचंच!

मालक दोन. बहीण-भाऊ. दोघं साठीपुढचे, दोघंही एकटे. भाऊ खाली, बहीण वर. आणि अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही! कारण विचारा. अहो विचारा तरी! रेडिओ. वडील गेले आणि वडिलांचा रेडिओ घरातून नाहीसा झाला. भाऊ म्हणतो हिने भंगारात घातला, बहीण म्हणते याने विकून खाल्ला. झालं! आता घर विकून टाकायचं, आपापला वाटा घ्यायचा आणि दोघांनी दोन दिशांना तोंडं करायची. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय? भांडण त्यांचं, खिडकी आपली!

तर वकील. त्यांच्या टेबलावर काचेखाली एक छापील कागद. ‘घरखरेदी : नेहमी पडणारे प्रश्न’. प्रश्न तेवीस, उत्तर एकाचंही नाही. खाली बारीक अक्षरांत ‘उत्तरांसाठी वकिलांना भेटा’. अहो, भेटलोय की! समोर बसलोय! मी विचारलं, ‘साहेब, दोन मालक असले की दोघांच्याही सह्या लागतात का?’ साहेबांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, ‘हंऽऽ... हा प्रश्न सगळेच विचारतात.’ बरं. मग? मग काही नाही! ‘साहेब, घरावर कर्जबिर्ज, कोर्टात दावाबिवा असला तर आपल्याला कळणार कसं?’ ‘हा प्रश्न सगळेच विचारतात.’ अरे सगळेच विचारतात, तर एव्हाना उत्तर तोंडपाठ नको व्हायला? ‘साहेब, त्या दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नाहीये, वेगवेगळ्या दिवशी येऊन सह्या केल्या तर...’ ‘हा प्रश्नसुद्धा...’ म्हटलं कळलं, कळलं! सगळेच विचारतात!

शेवटी एकदाचे डोळे उघडले. ‘हे बघा, वडिलांनी घर घेतलं तेव्हाचं खरेदीखत लागेल. मूळ! त्याशिवाय करार करायचा नाही. तुमच्या भल्याचं सांगतोय.’

आलो त्या घरी. खाली भाऊ बसलेला. ‘मूळ कागद? वरच्या बाईंना विचारा.’ वरच्या बाई! सख्खी थोरली बहीण! गेलो वर. ‘मला काय माहीत? खालच्या गृहस्थांना विचारा. आणि हो, जाताच आहात तर त्यांना सांगा, नळ नीट बंद करत जा, रात्रभर टपटपतो.’ आलो खाली, सांगितलं. ‘त्यांना म्हणावं, नळ वरचा आहे.’ गेलो वर... अहो, मी गिऱ्हाईक की निरोप्या? सोळा पायऱ्या आहेत त्या जिन्याला, माझे गुडघे सांगतील तुम्हाला.

राहिला माळा. माळा दोघांच्या मालकीचा, म्हणून अकरा वर्षांत एकानेही तिथे पाऊल ठेवलेलं नाही. मग चढणार कोण? मी! शिडी लावली, एका बाजूने भावाने धरली, एका बाजूने बहिणीने, आणि मध्ये मी लोंबकळतोय, तर खालून, ‘त्यांना सांगा, शिडी नीट धरा, माणूस पडेल.’ ‘त्यांना म्हणावं, मी धरलीय, स्वतःचं बघा.’ अहो, पडणारा माणूस मी! निरोप मी कसा देऊ?

वर ही धूळ. फुटकी बादली, मोडकी खुर्ची आणि पार कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. उतरवलं. चादर सोडली... रेडिओ!

मागची फळी सैल झालेली, ती काढली, तर आत फडक्यात बांधलेलं खरेदीखत. मूळ! वडिलांची म्हणे सवयच होती, महत्त्वाचं काही चोराच्या डोक्यात येणार नाही अशा जागी ठेवायचं. चोराच्या नाही आलं, पोरांच्याही नाही आलं, आणि म्हातारा न सांगताच गेला. मी आपला कागद नाचवतोय, ‘मिळाला! मिळाला!’ माझ्याकडे बघतंय कोण? भाऊ रेडिओवरून हात फिरवतोय. मग हळूच म्हणाला, ‘ताई...’ आणि ती, अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं, ‘किती वाळलास रे! जेवतोस तरी का वेळेवर?’ खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मीच रुमाल पुढे केला. गाढव आहे मी!

चौथ्या दिवशी दोघं वकिलांकडे आले. एकत्र. एका छत्रीत! भाऊ म्हणाला, ‘माफ करा, पण आता घर काही आम्ही विकत नाही.’ बहीण म्हणाली, ‘तुमचे उपकार फिटायचे नाहीत हो.’ बायको माझ्याशेजारी बसलेली. चिडली असती तर बरं, रडली असती तरी चाललं असतं, ती नुसती काचेखालचा कागद वाचत होती. मी म्हटलं, ‘साहेब, आता काय करायचं?’ मान मागे, डोळे बंद. ‘हा प्रश्न सगळेच विचारतात. पण मी म्हणतो, माळ्यावर चढायची गरजच काय होती? मूळ कागद नसला तर नोंदणी कार्यालयातून शिक्क्याची नक्कल मिळते. आठवड्याचं काम.’ मी किंचाळलो, ‘मग बोलला का नाहीत?’ ‘तुम्ही विचारलंत कुठे? हा प्रश्न तर सगळेच विचारतात!’ आणि बायकोने काचेवर बोट ठेवलं. प्रश्न सोळावा. ‘मूळ कागद हरवल्यास काय?’

एवढ्यावर भागलं? छे! बहीण-भावाला लेखी हवं होतं, एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने घर विकायचं नाही म्हणून. कागद कोण करणार? माझेच वकील. तिथेच, माझ्या देखत. आणि साक्षीदार कसा हवा, तर दोघांनाही चांगला ओळखणारा, दोघांच्याही विश्वासातला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

केली सही. करतो काय? मग वकिलांनी पेन सरसावलं, ‘साक्षीदाराचा कायमचा पत्ता सांगा.’ मी म्हटलं, ‘आत्ताचाच लिहा, साहेब. एकतीस तारखेपर्यंत कायमचाच आहे.’