एक जिना आणि एक प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय माधवराव, सत्कारमूर्ती माणिकप्पा हत्तरगे, त्यांच्या पत्नी सुमनबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे आणि लातूर-निलंग्याहून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी शिवकन्या. अप्पांच्या स्टॅबिलायझरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं सोल्डरिंग केलं. भाषणाची सवय नाही. पण आधीच्या वक्त्यांनी एक गोष्ट टाळली, म्हणून उभी राहिले.

भूकंपात माझा नवरा गेला, घर गेलं. आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. कितीतरी लोक ब्लँकेटं वाटून, फोटो काढून गेले. अप्पांनी विचारलं, "काम शिकता का?" गावातले जाणते म्हणाले, "बायांच्या हाती करंट देऊन राहिले का?" अप्पा म्हणाले, "हाव. हात थरथरला न्हाई म्हंजे झालं." माझा थरथरत होता. तरी घेतलं. त्याच कामावर माझी लेक पूनम शिकली. आमच्यासारख्या घरांनीच अप्पांना आमदार केलं.

पुढं लातुरात क्लासेस वाढले. एकेका खोलीत सहा-सहा लेकरं. एका वसतिगृहाला आग लागली, जिना एकच. तीन मुली भाजल्या. वाचल्या, पण वर्ष गेलं. अप्पांनी विधानसभेत प्रश्न लावला: अशी एका जिन्याची वसतिगृहं किती? पक्षातून सांगावा आला, "प्रश्न मागे घ्या." विरोधकांनी तर कागदच काढला: अप्पांनी वसतिगृहाला भाड्यानं दिलेल्या इमारतीलाही एकच जिना.

सभागृह हसलं. अप्पा उठले. "खरं आहे. चूक माझी. पहिलं कुलूप माझ्याच इमारतीला लावा."

दुसरा जिना होईपर्यंत तिथल्या चाळीस मुली आमच्या कारखान्याच्या हॉलमध्ये राहिल्या. सुमनबाईंनी त्यांच्या जेवणाचं पाहिलं. प्रश्न मात्र अप्पांनी सोडला नाही. म्हणून यंदा त्यांचं तिकीट कापलं.

अध्यक्षमहाराज, तिकीट कापलं त्या पक्षाच्या बैठकीत आपणही होता. आजच्या पत्रिकेवर 'प्रदीर्घ सेवेनंतर विश्रांती' असं छापलंय. विश्रांती मागितली कुणी? सकाळी मी विचारलं, "अप्पा, आता काय?" म्हणाले, "उद्या उदगीरला चाललो, तिथले जिने बघायला. येतीस?" मी जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

बोलू दिलंत, आयोजकांची ऋणी आहे. बोलण्यात कुठं कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि कुणाला राग आलाच असेल, तर तो माझ्यावर काढा. माझ्याकडे कापायला तिकीट नाही.